सुतकाच्या दिवसांतलं पाणी

सन एकोणीसशे चौतीस. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो आणि आमच्या पाटावर माझ्या फावड्याशिवाय पाणी वळत नव्हतं. त्या साली पावसाळा सरता सरता मिशनच्या शाळेत एक नवे फादर आले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पाटावरच. एक उंचच उंच माणूस कडेनं चालत येतोय. अंगात घोट्यापर्यंत पांढरा झगा. चिखल लागला की दोन्ही हातांनी झगा वर उचलायचा आणि घोळ कमरेच्या पट्ट्यात खोचायचा, आमच्या बायका निंदायला बसताना लुगडं खोचतात तसा. खाली केसाळ पिंडऱ्या. मी मोठ्यानं हसलो. त्यांना राग आला नाही. जवळ येऊन म्हणाले, "हसा, हसा. इथंच आहे मी आता."

"इथंच आहे मी." हे त्यांचं नेहमीचं बोलणं. निरोप घेताना लोक येतो म्हणतात, जातो म्हणतात. हे म्हणायचे, इथंच आहे मी.

मी दुसऱ्या यत्तेपर्यंत शिकलो आहे. पुढं मास्तरनं कान पिळला आणि मी त्या शाळेचं तोंड पाहिलं नाही. तेव्हा लिहिण्यात चुकाभुला असतील. पण पाण्याच्या गोष्टीत माझी चूक काढणारा अजून जन्मला नाही. मी पाटकरी. पांझरा नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून शेताशेतात जाणाऱ्या चाऱ्या. कुणाच्या शेतात किती वेळ पाणी जाईल ते पाटकरी बघतो. ज्याची पाळी, त्याच्या बांधाला वाट पाडायची, वेळ झाली की ती बुजवून पुढच्याची पाडायची. या वाटेला आम्ही बारं म्हणतो. काम दिसायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल, चैत्रात भाऊ भावाला ओळखत नाही.

तर हे फादर. वसईकडचे. मराठी आमच्यासारखंच, फक्त थोडं हेल काढून. मी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं, "फादरबाबा, मी काही बाटणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

ते म्हणाले, "बरं. पण मी पाणी प्यायला आलो होतो. मिळेल का?"

मी तांब्या दिला. प्यायले, तोंड पुसलं, आणि चारीत पाणी कसं वळतं ते बघत बसले. त्यांच्याकडं केळीच्या वाड्या, विहिरीवर रहाट. पाण्याचं वेड त्यांना घरचंच होतं. उठताना फावड्याला हात लावून म्हणाले, "दांडा बाभळीचा का?" हा प्रश्न ज्याला सुचतो त्याच्याशी बोलायला माझी हरकत नसते.

मला प्रश्न पडला होता की हा माणूस शाळेत करतो काय. शाळेचा कारभार मोठ्या फादरांकडं. ते परदेशी, गोरे, हातात छडी, खिशात घड्याळ. शिकवायला धुळ्याहून आलेले मास्तर. मग हे कशाला? एकदा विचारलंच.

"तुम्ही शिकवता काय?"

"काही नाही."

"हेडमास्तर?"

"नाही."

"मग हिशेब बघता?"

"मला हिशेब येत नाही."

"मग करता तरी काय दिवसभर?"

त्यांनी जरा विचार केला. "मला चॅपलेन म्हणतात. सकाळी प्रार्थना असते, ती चालवतो. बाकीचा वेळ मी असतो."

"म्हणजे?"

"असतो. कुणाला लागलो तर."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, मिशनवाल्यांकडं पैसा फार झाला आहे, नुसता असायला माणूस ठेवलाय. ती म्हणाली, "आपल्या घरात तरी कोण असतं? तुम्ही सदा पाटावर." मी फावडं धुवायला बाहेर गेलो. बायकांना सगळ्याचं उत्तर द्यायचं नसतं.

पण मी बघत होतो. शाळेचं कुंपण पाटाला लागून, सगळं दिसायचं. त्यांच्या खोलीपुढं एक दगडी ओटा होता. मोठ्या फादरांच्या छडीचा प्रसाद मिळाला की पोरगं हात काखेत दाबून थेट त्या ओट्यावर. हे काही विचारत नसत. काय केलंस नाही, का केलंस नाही. पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप असायचं, ते मधे सरकवायचे. दोघं शेंगा फोडायचे. सूज आलेल्या हातानं शेंग फुटत नाही, म्हणून हे फोडून दाणे त्याच्याकडं लोटायचे. बऱ्याच वेळानं पोरगं आपणहून बोलायला लागायचं.

गणिताचे मास्तर बामण होते, सोवळ्याचे. त्यांची बायको बाळंतपणात गेली. नदीवर सगळे विधी चालू होते तेव्हा फादर लांब, वाळूत उभे. जवळ यावं की नाही, चालेल की नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून लांबच, डोक्यावर टोपी नाही की छत्री नाही. सगळं आटोपेपर्यंत उभे होते. मास्तर परत निघाले, वळून बघितलं, तर हे मागं मागं चालत येत होते, तेवढंच अंतर ठेवून. मास्तर मला पुढं म्हणाले, "पाटकरी, त्या दिवशी पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. एकही शब्द आठवत नाही. तो पांढरा झगा तेवढा आठवतो."

दिवाळीच्या सुमाराला शाळेच्या देवळाला घंटा आली. धुळे स्टेशनातून बैलगाडीत आली, गवतात गुंडाळून. ती दिवसातून तीनदा वाजायची, सकाळी, दुपारी बाराला आणि दिवे लागायच्या आधी. आवाज असा की पाटाच्या पार शेवटच्या शेतापर्यंत जावा. मोठ्या फादरांच्या घड्याळावर वाजायची, त्यामुळं एक दिवस मागंपुढं नाही.

आणि माझ्या डोक्यात आलं. तोवर आमचं पाणी सावलीवर चालायचं. बांधावर काठी रोवायची, सावली पायथ्याशी आली की दुपार. पण ज्याची त्याची काठी वेगळी. ज्याची पाळी संपायची त्याच्या काठीला सावली लवकर आटायची नाही, ज्याची सुरू व्हायची त्याच्या काठीला ती केव्हाच आटलेली. रोज तोंडातोंडी. मी पंचांपुढं उभा राहून सांगितलं, "आजपासून पाणी घंटेवर. घंटा झाली की बारं फिरेल. घंटा नाही झाली तर फिरणार नाही. हा माझा शब्द."

पंचांचे म्होरके तुकाराम नाना. ते म्हणाले, "घंटा त्यासनी. पानी आपलं. कसं जमी?"

मी म्हणालो, "नाना, आवाजाला जात नसते." आणि जमलं. सबंध हिवाळा पाटावर एक शिवी ऐकू आली नाही. हे मी माझ्या तोंडानं सांगतोय, पण खरं आहे. लोक घंटा ऐकून माझ्याकडं बघायचे, आणि मला वाटायचं घंटा मीच वाजवतोय.

मग चैत्र आला. नदी आटली. बंधाऱ्यात पाणी गुडघाभर. उभा ऊस तेवढा जगवायचा होता. त्या आठवड्यात सकाळची पाळी गोविंदाची आणि दुपारची भिकाची. दोघांचा ऊस बांधाला बांध लागून. गोविंदा हसतमुख, पण हसत हसत दुसऱ्याचं पाणी पिणारा. भिका तोंडाळ, रागीट. त्याचा ऊस नवा लावलेला, कोवळा, एक दिवस चुकला की माना टाकणारा.

गुरुवारची दुपार. मी फावडं घेऊन बाऱ्यावर उभा. घंटेची वाट बघतोय. घंटा होईना.

भिका आला. "दुपार व्हयनी, पाटकरी. फिरव."

"घंटा झाली नाही."

"वर देख. सूर्य डोकावर शे."

"मी सूर्यावर पाणी देत नाही. घंटेवर देतो."

गोविंदा चारीत पाय सोडून बसला होता. म्हणाला, "बरोबर शे भो. शब्द म्हंजे शब्द." त्याच्या उसात पाणी तुंबून राहिलं होतं, बेडूक ओरडायला लागले होते.

सावली काठीच्या दुसऱ्या बाजूला पडली. लोक जमले. एक म्हणे घंटा फुटली, एक म्हणे वाजवणारा झोपला. तुम्ही म्हणाल, अरे माणसा, डोळ्यांना दिसत होतं ना? दिसत होतं. पण आज एकदा सूर्यावर फिरवलं असतं तर उद्यापासून पुन्हा सतरा काठ्या उभ्या राहिल्या असत्या. मी आजही म्हणतो, माझं चुकलं नव्हतं.

भिकानं माझ्या हातातलं फावडं हिसकलं आणि बांध फोडायला लागला. मी त्याची कंबर धरली. दोघं चारीत पडलो. चिखलात एकमेकांच्या छातीवर बसायला बघतोय तोवर वरून कुणीतरी दोघांच्या मानेला धरून उभं केलं. बघतो तर फादर. झगा खोचलेला.

"काय झालं?"

"तुमनी घंटा!" भिका ओरडला. "मना ऊस मारी टाकस तुमनी घंटा!"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की गावाचं पाणी त्यांच्या घंटेवर चालतं. आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की त्यांच्या घंटेला वर्षात असे दिवस येतात.

संध्याकाळी बंधाऱ्याजवळच्या निंबाखाली पंच बसले. भिकानं सरळ मागणी केली, पाटकरी बदला. नानांनी माझ्याकडं बघितलं. आमच्या घरात पाट माझ्या आज्याकडं होता, मग बापाकडं. माझ्या घराला जमीन नव्हती, मान होता तो फावड्याचा. तो गेला तर मी दुसऱ्याच्या शेतात रोजानं जाणार, आणि ज्यांना मी पाणी दिलं त्यांच्या बांधावर टोपी काढून उभा राहणार. हे नानांना कळत होतं, मलाही. नाना म्हणाले, "शनवारनी संध्याकायलोंग देखू. पानीवरथीन पुन्हा हात उचलायना, तर फावडं खाली ठेवजो." म्हणजे शनिवारपर्यंत भांडण झालं नाही तरच फावडं माझं.

फादर आले होते, निंबाला टेकून उभे. नानांनी विचारलं, "बाबा, घंटा का वाजनी नही?"

ते म्हणाले, "आमच्यात हे दिवस देवाच्या मरणाचे. आजपासून परवापर्यंत घंटा वाजवत नाहीत. मुकी असते."

मग भिका, तोच भिका, हळूच म्हणाला, "म्हंजे तुमना देवले सुतक शे?"

"हो," फादर म्हणाले. "सुतकच."

आता बघा. तोवर जे लोक मिशनला शिव्या देत होते ते सगळे गप्प. घरात मयत झालेल्या माणसाला तू ढोल का वाजवला नाहीस असं कोण विचारणार? नाना म्हणाले, "मंग ठीक शे. हाई दोन दिवस सावलीवर चालू द्या."

"नाही," मी म्हणालो.

"काय नही?"

"माझा शब्द घंटेचा आहे. सावलीवर मी फावडं उचलणार नाही."

नानांनी कपाळाला हात लावला. "अरे, घंटा वाजाव नही म्हनतस ना ते!"

"मग पाणी फिरणार नाही."

गोविंदा हसला. भिका उठून उभा राहिला. मला ठाऊक होतं, मी माझ्याच हातानं माझं पाटकरीपण बुडवतोय. पण शब्द गिळायचा म्हणजे जीभ गिळण्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात फादर पुढं आले.

"भाऊ, आमच्यात एक रीत आहे," ते म्हणाले. "घंटा मुकी असते तेव्हा तिच्या जागी एक लाकडी फळी वाजवतात. फळीला लोखंडी कड्या असतात, हलवली की खटखट होते. मुलांना प्रार्थनेला त्यानंच बोलावतो. ती वाजली म्हणजे घंटाच वाजली असं आम्ही धरतो. तुम्ही धराल?"

मी विचार केला. "लाकडाचा आवाज इथवर येईल?"

"नाही येणार. मी घेऊन येईन."

"कुठं?"

"पाटावर. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते गंभीर होते. पण डोळ्यांत काहीतरी होतं, आणि मला कळलं की हे भिकाच्या उसासाठी जेवढं आहे तेवढंच माझ्या नाकासाठी आहे. मी म्हणालो, "धरतो."

शुक्रवारी सकाळी आले. दुपारीही आले. चैत्रातलं खानदेशी ऊन तुम्हाला सांगायला नको. डोकं उघडं, झगा खोचलेला, दोन्ही हातांत ती फळी, खटखट, खटखट. मागं बोर्डिंगची पोरं रांगेनं, तोंडातून आवाज नाही. त्यांच्यामागं आमची गावची पोरं, ती कधी नव्हे ती गप्प. लोक शेतातून उभे राहून बघत होते. कुणी हसलं नाही. गोविंदाला हसू आलं होतं, पण त्यानं ते उपरण्यात झाकलं.

मी बारं फिरवलं. पाणी भिकाच्या उसात शिरलं.

माझी बायको ताक घेऊन आली होती. त्यांनी हात जोडले. "आज नाही, ताई." ती म्हणाली, "हां, सुतकात कसं घेतील," आणि तांब्या झाकून परत नेला. ओठांवर त्यांच्या पापुद्रे आले होते.

मी विचारलं, "मोठे फादर काही बोलले का?"

"व्हरांड्यात उभे होते. म्हणाले, चॅपलेननं चॅपलमध्ये, देवळात, असावं. मग घड्याळ काढून बघत राहिले." ते हसले. "बरंच झालं. मला वेळ बरोबर कळली."

मग ते बांधावर बसले, पायातला बाभळीचा काटा काढायला. भिका उसात उभा, पाणी सरीसरीतून पुढं ढकलत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "बाबा, तुमना देव कसाघाई मरना?"

मी सावध झालो. म्हटलं, आता सुरू होणार. बाटवायला हीच वेळ.

फादर काटा शोधत म्हणाले, "माणसांनी मारलं त्याला. लाकडाला टांगून, उन्हात. शेवटी त्याला फार तहान लागली."

"मंग पानी कोन्ही दिधं नही?"

"आंब दिली. आंबट, कडू."

भिकाच्या हातातलं फावडं थांबलं. त्याच्या पायाजवळून पाणी जात होतं. मी वाट बघत होतो की फादर पुढं काय सांगतात. काटा निघाला, तो त्यांनी पाटाच्या पलीकडं टाकला आणि म्हणाले, "संध्याकाळी येतो. इथंच आहे मी." आणि लंगडत गेले.

भिकानं पाणी पुढच्या सरीत घातलं. मग स्वतःशीच म्हणाला, "काय लोक. पानी बी नही."

शनिवारी पहाटे फळी वाजली. मी गोविंदाचं बारं फोडलं. दिवस कासराभर वर आला होता, दुपारला अजून पुष्कळ अवकाश होता, आणि एकाएकी शाळेच्या देवळाची घंटा वाजायला लागली. नेहमीसारखी नाही. थांबेचना. जोरजोरात, वेड्यासारखी, आणि तिच्याबरोबर लहान घंटा, पोरांचं गाणं. कावळे निंबावरून उडाले.

घंटा झाली. माझा शब्द काय होता? घंटा झाली की बारं फिरेल. वेळ झाली नव्हती हे मला दिसत होतं. पण गुरुवारी वेळ दिसत असूनही मी फिरवलं नव्हतं. आज वेळ नाही म्हणून फिरवलं नाही, तर गुरुवारी भिकावर मी अन्याय केला असं मीच कबूल करणार. आणि फिरवलं, तर गोविंदाची पाळी अर्ध्यावर तोडणार.

गोविंदा धावत आला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. फावडं खांद्याच्या वर धरलेलं. "हात लावशील तर देख! मनी पाळी शे!"

"घंटा झाली," मी म्हणालो. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

लोक धावत आले. नानाही आले, काठी टेकत. भिका आपल्या उसातून बाहेर आला. ते पाणी त्याला हवं होतं. सगळ्या गावापुढं माझ्या शब्दानं ते त्याचं झालं होतं, आणि दोन दिवसांपूर्वी याच बांधावर त्यानं माझ्या हातातलं फावडं ओढून घेतलं होतं. मी त्याच्याकडं बघितलं. म्हटलं, झालं. आज गेलं फावडं.

भिका बांधावर आला. गोविंदाच्या वर धरलेल्या फावड्याचा दांडा धरून त्यानं तो सावकाश खाली केला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "हाई पानीनी घंटा नही. त्यासनं सुतक फिटनं. तीनी खुशीनी घंटा शे."

"तुना ऊस?" गोविंदानं विचारलं.

"दुपारलोंग मरत नही मना ऊस."

तो मग माझ्याकडं वळला. मला वाटलं आता टोमणा मारील. म्हणाला, "शब्द तुना पानीना घंटाले व्हता ना? मंग हाई घंटा त्यामा येत नही. उभा काबर? बस."

मी बसलो. एवढा मोठा माणूस मी, मातीवर बसलो.

बऱ्याच वेळानं फादर आले. आले म्हणजे धावत आले. अंगावर पूजेचा सोनेरी कडांचा भरजरी अंगरखा तसाच, खालचा झगा खोचायचं भान नाही, चिखलानं भरलेला. दम लागलेला. लांबूनच ओरडत होते, "भाऊ, ही नाही! ही धरू नका! ही नाही!"

सगळं गाव हसायला लागलं. ते थांबले, कावरेबावरे झाले. "देव पुन्हा उठल्याची घंटा वाजली आणि मला तुमची आठवण झाली," ते म्हणाले. "पण मिस्सा, आमची पूजा, मधे सोडता येत नाही. सांगायचं राहूनच गेलं. काय झालं? कुणाला लागलं का?"

"काही झायं नही, बाबा," भिका म्हणाला. "बठा."

त्यानं आपला पाण्याचा डेरा आणला. निंबाखाली ठेवलेला, गार. तांब्या बुडवून भरला, काठोकाठ, आणि त्यांच्यापुढं धरला. "आते तर चालस ना?"

ते तिथंच, त्या जरीच्या अंगरख्यात बांधावर बसले आणि प्यायले. गटागटा, गळ्यावरून ओघळ येईपर्यंत. भिकानं दुसरा तांब्या दिला. तिसरा दिला. माणूस पाणी पितोय हे सबंध गावानं उभं राहून बघितलं. तुम्ही असतात तर तुम्हीही बघत राहिला असता.

संध्याकाळी पंच बसले. नाना म्हणाले, "बोला. पानीवरथीन भांडन?"

भिका म्हणाला, "कसानं भांडन?" गोविंदा म्हणाला, "माले तर काही दिसनं नही." नाना माझ्याकडं बघून म्हणाले, "मंग जा घर. फावडं घी जा."

मी फादरांचे आभार मानले नाहीत. मला ते येत नाही. पण त्या सालापासून पाटावर एक नवा नेम झाला. उन्हाळ्याच्या तोंडाला ते यायचे आणि मला सांगायचे, यंदा आमचं सुतक अमुक दिवसापासून. मग गावचा जागल्या गल्लीगल्लीतून ओरडत जायचा, मिशनच्या देवाला सुतक आहे हो, पाणी फळीवर चालेल. म्हातारी माणसं त्या दिवसांत शाळेवरून जाताना आवाज खाली करायची. कुणी बाटलं नाही. त्यांनीही कुणाला बाटायला सांगितलं नाही. मोठ्या फादरांनी पुढं त्यांचं एक जुनं घड्याळ मला पाठवलं होतं, घंटेची अडचण नको म्हणून. मी परत पाठवलं. घड्याळ माझ्याबरोबर चालत आलं असतं का पाटावरून, उन्हात?

ते आमच्याकडं बरीच वर्षं राहिले. केस पांढरे झाले. ओट्यावरची पोरं मोठी होऊन रेल्वेत, गिरणीत लागली, धरणगावला एक कापसाचा कारकून झाला. ती सुट्टीत येऊन त्याच ओट्यावर बसायची, आता शेंगा तीच आणायची.

मग त्यांची बदली झाली. त्यांच्यात वरून हुकूम येतो, विचारत नाहीत. सगळी शाळा गाडीला निरोप द्यायला निघाली, गावातले लोकही निघाले. भिका तर उसाची मोळी घेऊन निघाला, स्टेशनपर्यंत. मी नाही गेलो. भिका म्हणाला, "आजना दिन तरी सोड ना फावडं." मी म्हणालो, "पाणी सोडून मी कुणाला पोचवायला जात नाही."

त्यांची बैलगाडी पाटाच्या रस्त्यानं आली. माझ्याजवळ थांबली. ते उतरले, गाडीवानाला पुढं पुलाशी थांबायला सांगितलं. झगा खोचला. आणि माझ्याबरोबर चालायला लागले. मी पाणी बघत होतो, तेही पाणी बघत होते. एका ठिकाणी बांध पाझरत होता. मी माती ओढली, त्यांनी पायानं दाबली. पूल आला. मी म्हणालो, "तिकडं पाणी कसं आहे?"

ते म्हणाले, "विहिरी आहेत म्हणतात."

"खारं असेल," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

ते हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, तसाच थोडा वेळ राहू दिला, आणि गाडीत चढले. या वेळी इथंच आहे मी म्हणाले नाहीत. गाडी वळणाआड गेली तरी धूळ बराच वेळ हवेत होती.

संध्याकाळच्या गाडीनं त्यांच्या जागी दुसरे आले. पोरसवदा, चष्मा लावलेले, नवे बूट. लोकांनी येऊन मला सांगितलं, खोलीचं दार लावून बसलेत, कुणाशी बोलत नाहीत, घाबरलेले दिसतात. ओट्यावर कुणी नव्हतं. मी रात्री भाकरी खाल्ली आणि निजलो. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली. मी बारं फिरवलं, पाणी नीट लागलं का ते बघितलं, फावडं खांद्यावर टाकलं आणि कुंपण ओलांडून नव्या फादरांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी दार थोडं उघडलं. मी म्हणालो, "बूट काढा. चला, पाट दाखवतो."